राणी इस्वेलसाठी महिनाभराचा संप

३ फेब्रुवारी, मंगळवार

इस्वेलला काढलं.

सकाळी कॉफी ओतता ओतता बातमी वाचली आणि निम्मी कॉफी ओट्यावर सांडली. 'सात किनारे' हा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या कंपनीने जाहीर केलंय की शनिवारी नवा अध्याय सुरू होणार. त्यात आमच्या सागरी तटाची राणी इस्वेल सिंहासन सोडणार आणि तिच्या जागी ओड्डा बसणार. ओड्डा! शत्रूच्या डोंगरी तटातून पळून आलेली आचारीण. गेल्या अध्यायापर्यंत ही बाई आम्हाला माशाचं सूप विकत होती, आणि ते सूपही पाणचट.

अकरा वर्षं मी हा खेळ खेळतोय. आमची दीपस्तंभ टोळी माझ्या बायकोने, मार्गरीटने, आणि मी मिळून काढली. मार्गरीट जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून टोळीचा गाडा मी एकट्याने ओढतोय. शाळेत तीस वर्षं उपमुख्याध्यापक होतो, त्यामुळे माणसं सांभाळायची सवय आहे. रोज संध्याकाळी साडेसातला टोळीच्या दालनात, शेकोटीसमोरच्या उंच खुर्चीत मी हजर असतो. कुणाला तरी माझी गरज असतेच. मंगळवारी वेंडेल येतो, गुरुवारी पेग, रविवारी बर्नाडेट. बिचारी एकटी माणसं आहेत. येतात, तासभर बसतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात. मी नसतो तर यांनी काय केलं असतं, असं कधीकधी मनात येतं.

बाहेर थंडर बेमध्ये उणे अठ्ठावीस आहे. माझ्या डोक्यात मात्र उकळतंय.

४ फेब्रुवारी, बुधवार

चाहत्यांच्या मंचावर दिवसभर रणधुमाळी. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ओड्डावाले.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या बाईने डोंगरी सैन्याचा वेढा दोनदा मोडला, ती एका चार मिनिटांच्या दृश्यात मुकुट काढून देते? का देते? तर कंपनी म्हणते, सविस्तर कारणं वेगळ्या पुस्तकात दिली आहेत, ते विकत घ्या. याला गोष्ट सांगणं म्हणत नाहीत, दुकान मांडणं म्हणतात. आणि राणीने आपल्या माणसांना विचारलं का? सभा घेतली का? माणसांना न विचारता निर्णय घेणाऱ्याला नेता कोण म्हणेल, असं मी लिहिलं. या वाक्याला पुष्कळांनी दाद दिली. आमच्या टोळीतल्या सहा जणांनी तर हसरे चेहरे टाकले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

'कडूमासा' नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं, "काका, तुम्ही खेळता की नुसते खुर्चीत बसता? इस्वेल तिसऱ्या अध्यायापासून थकलीय. धक्क्यावरच्या पहारेकऱ्याचं बोलणं ऐका एकदा."

पहारेकऱ्याचं काय ऐकायचं? या खेळात पहारेकरी बोलतो, कोळीण बोलते, घोड्याला पाणी पाजणाराही बोलतो. मी अकरा वर्षं 'पुढे'चं बटण दाबत आलोय. ते वाचायचं खातं मार्गरीटचं. ती शेजारच्या टेबलावर बसून सगळं मोठ्याने वाचायची आणि मी तलवार चालवायचो. "आर्वो, याला मारू नकोस, हा आपल्यातला आहे," असं ती वेळेवर सांगायची. इस्वेल तिची लाडकी. म्हणून माझीही.

संध्याकाळी सभा घेतली. ठराव मांडला की शनिवारपासून नऊ मार्चपर्यंत टोळीतल्या कुणीही खेळात पाऊल टाकायचं नाही. कंपनीला कळू दे. "विरोध असेल तर बोला," म्हटलं आणि थोडं थांबलो. कुणी बोललं नाही. एकमताने मंजूर.

बर्नाडेट ही टोळीत माझ्यानंतरची, तिकडे सॅस्कॅचेवानमध्ये नर्स आहे. ती म्हणाली, "आर्वो, एक अडचण आहे—"

"अडचणी लेखी द्या," मी म्हटलं. नाहीतर सभा लांबतात.

७ फेब्रुवारी, शनिवार

संपाचा पहिला दिवस. कॉम्प्युटरवर चादर टाकली. अंगणातला बर्फ काढला. समोर राहणाऱ्या पेगच्या अंगणातला काढला. मग शेजारचे फ्लोरिडाला गेलेत, त्यांच्याही अंगणातला काढला. दुपारी साउनाची वाफेची खोली तापवून बसलो. साडेसातला टीव्हीवर कर्लिंग लावलं. बर्फावरून घसरणारे दगड माणूस किती वेळ बघणार?

१० फेब्रुवारी, मंगळवार

वेंडेलचा फोन आला. तो नोव्हा स्कोशियात ट्रक दुरुस्त करतो. इतक्या वर्षांत त्याने फोन असा कधी केला नव्हता.

"काय नायक, जेवलास का?"

"जेवलो. तू कसा आहेस? करमतंय का?"

"नाही ना करमत. म्हटलं तुझ्याशी बोलावं." मग बराच वेळ त्याच्या गिऱ्हाइकांचं झालं. आणि मध्येच हसत म्हणाला, "पण ओड्डा बोटीतून पाण्यात पडते ना, ते मात्र—"

"तू कुठे बघितलंस?"

"व्हिडिओ. कुणीतरी टाकलाय. मी नाही, कुणीतरी."

त्याच्या मागे समुद्रपक्षी ओरडत होते आणि शेकोटी तडतडत होती, अगदी आमच्या दालनातल्यासारखी. समुद्रकाठी राहतो, आवाज येणारच. त्याला धीर दिला की महिना म्हणता म्हणता जाईल. माझ्या आवाजाने त्याला बरं वाटलं असावं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बरोबर साडेसातला पेग दारात. हातात पिरोगीचं, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांचं भांडं, वर परतलेला कांदा. पेग घरातच केस कापायचं दुकान चालवते आणि टोळीत अस्वलाची शिकार करते.

"एकटीला जेवण जात नाही बाई," म्हणाली. संपामुळे तिचेही हाल होतायत हे दिसत होतं. डोळे लाल.

"झोप नाही का?"

"काल फार वेळ मासे पकडत... म्हणजे, मासे साफ करत बसले होते."

दोन तास बसली. विषय ओड्डावर गेलाच. "तिचं हसणं कसं असेल रे?" असं तिनेच विचारलं.

"भांडी पडल्यासारखं."

"छे! मुळीच नाही," पेग ठामपणे म्हणाली. आणि घाईघाईने एक अख्खी पिरोगी तोंडात कोंबली.

१५ फेब्रुवारी, रविवार

बर्नाडेटचा फोन. दमलेली वाटली, पण विषय भलताच.

"आर्वो, एकदाच, एका मिनिटासाठी खेळात जाऊन ये. नुसतं तोंड दाखव आणि परत ये."

"संप म्हणजे संप."

"अरे, ऐकून तरी घे. तू महिनाभर गेला नाहीस ना, तर तो मुकुट—"

"मुकुटाचं नाव काढू नकोस माझ्यापुढे. ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं."

"मी त्या मुकुटाबद्दल बोलतच नाहीये!"

"विषय संपला, बर्नाडेट."

फोनवर लांबलचक सुस्कारा ऐकू आला. "बरं बाबा. पण नंतर मला बोल लावायचा नाही."

चांगली मुलगी आहे, फक्त ठामपणा कमी आहे. नेतृत्व करायला पोटात थोडं पोलाद लागतं. शिकेल हळूहळू माझ्याकडे बघून.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पेग. या खेपेला आंबट कोबीच्या.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीने जाहीर केलं की नव्या अध्यायाला आजवरची सगळ्यात जास्त गर्दी झाली. कडूमाशाने लगेच लिहिलं, "काकांचा संप जोरात!" मी सविस्तर उत्तर दिलं आणि शेवटी त्याला वर्गाबाहेर उभं राहायला सांगितलं. मंचाच्या चालकांनी मलाच तीन दिवस बाहेर उभं केलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

वेंडेलने फोन करून माझी बाजू घेतली. "तू बरोबरच आहेस, नायक," म्हणाला. "पण समज, चुकून दृश्य चांगलं निघालं तर?"

मी म्हटलं, निघणार नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज कुणाचा फोन नाही. शनिवारी कुणी कामात असतं, कुणी नातवंडांत.

खरं ते लिहितो, इथे कोण वाचतंय. साडेसात वाजले की पाय आपोआप त्या खोलीकडे वळतात. दारातून चादर टाकलेला कॉम्प्युटर बघतो आणि परत येतो. मला भीती इस्वेलची नाही वाटत, तिचं काय व्हायचं ते होईल. भीती ही वाटते की महिन्याने परत गेलो आणि कुणाला माझ्यावाचून काही अडलंच नसलं तर? दीपस्तंभचा नायक आर्वो लेहटोनेन हा एक माणूस आहे. नायक नसलेला आर्वो म्हणजे थंडर बेमधला एक म्हातारा, ज्याच्या घरात एकच ताट धुवावं लागतं. त्याला कोण कशाला बोलावेल?

असो. नऊ तारखेला खुर्चीत बसलो की हे सगळं जाईल.

९ मार्च, सोमवार

पेन दोनदा आपटलं, मग लिहायला बसलो.

सकाळी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला, चादर काढली. खेळात शिरलो. दालन तेच, शेकोटी तीच. सगळी टोळी आत होती आणि सगळ्यांच्या अंगात नव्या अध्यायाचे पिवळे मेणकापडी डगले! तो डगला मिळवायला तीन आठवडे रोज मासे धरावे लागतात, हे मीसुद्धा मंचावर वाचलंय. गंजक्या चिलखतात मी एकटाच.

आणि उंच खुर्चीत बर्नाडेट.

मी खुर्चीकडे गेलो आणि बसायचं बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली, 'हे आसन फक्त नायकासाठी आहे.' पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पाच-सहा वेळा दाबलं असेल, सगळे बघत होते. मग माझ्या नावाकडे नजर गेली. नावाशेजारी नायकाच्या मुकुटाचं चिन्ह नव्हतं.

नायक महिनाभर फिरकला नाही की नायकपद आपोआप दुसऱ्या क्रमांकाकडे जातं. खेळाचा नियमच आहे तो. संपाच्या तावातावात माझ्या ध्यानातच आला नाही.

"मी सांगत होते," बर्नाडेट हेडफोनमध्ये हळूच म्हणाली. "दोनदा सांगायला गेले, आर्वो."

"असला मूर्ख नियम केला कुणी?"

सगळे शेकोटीकडे वळले. शेवटी वेंडेल म्हणाला, "नायक, तूच. त्या पलीकडच्या टोळीचा नायक गायब झाला तेव्हा वर्षभर मंचावर भांडून तूच करून घेतलास."

मी वीजच बंद केली. बटणाने नाही, भिंतीतली पिन उपटून.

१० मार्च, मंगळवार

कंपनीला तक्रार लिहिली, चार पानी. नायकपद परत द्या. पाठवायची उद्या.

वेंडेलचा फोन वाजू दिला. बर्नाडेटचा उचलला.

"तुम्ही सगळे महिनाभर खेळत होता!"

"हो."

"ठराव एकमताने झाला होता!"

"आर्वो, तू विचारलंस आणि आम्ही तोंड उघडायच्या आत सभा संपवलीस. नेहमीसारखी."

"मग नंतर सांगायचं होतं ना!"

"सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. आणि खेळ सोडवेना. फार छान अध्याय आहे रे." मग आवाज चढला तिचा. "आणि हो, मी सहा वर्षं तुझ्यानंतरची आहे. सहा वर्षांत एक गोष्ट मला ठरवू दिली आहेस का? एक सांग."

विचार केला. दालनातल्या पडद्यांचा रंग आठवला. पण तोही मी नंतर बदलला होता.

फोन ठेवला. जेवलो नाही. फार अपमान झालाय माझा, आणि त्याहून वाईट म्हणजे ती जे बोलली ते खोटं नाही.

१२ मार्च, गुरुवार

दार उघडणार नव्हतो, पण पेगने बाहेरून ओरडून सांगितलं की भांडं गरम आहे आणि हात भाजतोय. ही माणसाला कोंडीत पकडायची पद्धत झाली.

आत आली, भांडं ठेवलं आणि सरळ कॉम्प्युटरची पिन भिंतीत घातली. "बस. आज तू तलवार चालव, मी वाचते."

"मला ते दृश्य बघायचं नाहीये."

"दृश्य नंतर. आधी पहारेकरी."

धक्क्यावर गेलो. तो पहारेकरी अकरा वर्षं तिथे उभा आहे, मी त्याच्या शेजारून हजार वेळा गेलो असेन. पेगने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली. "राणी आजकाल रोज संध्याकाळी खाली येते. जाळी विणणाऱ्या बायकांत बसते. मी विचारलं, बाईसाहेब, राजवाडा सोडून इथे कुठे? तर म्हणाली, वर खूप शांत असतं रे."

मी पहारेकऱ्याला पुन्हा बोलायला लावलं. पेगने पुन्हा वाचलं. हे तिसऱ्या अध्यायातलं आहे, म्हणजे मार्गरीटने वाचलं असणार. मला वाचूनही दाखवलं असणार. मी तेव्हा कुणाला तरी भोसकत असेन.

मग दृश्य बघितलं. मला वाटलं होतं कट असेल, विश्वासघात असेल, निदान भाषण तरी. तसं काहीच नाही. ओड्डा मासे साफ करत बसलेली असते. इस्वेल येते, मुकुट तिच्या मांडीवर ठेवते आणि म्हणते, "जरा धर." ओड्डाचे हात बरबटलेले, ती म्हणते, "अहो, घाण होईल." आणि राणी हसते. अकरा वर्षांत इस्वेल हसलेली मी पाहिली नव्हती. मग ती पायऱ्या उतरून खाली जाते आणि बायका तिला विणायला जाळं देतात. बस, एवढंच. ते पुस्तक घेण्याची काहीएक गरज नाही.

"वाईट नाहीये," मी म्हटलं.

"वाईट नाहीये म्हणे," पेग नाक पुसत म्हणाली. ओड्डाचं हसणं मात्र खरोखरच भांडी पडल्यासारखं आहे. पेग कबूल करत नाही.

तक्रार पाठवली नाही.

१४ मार्च, शनिवार

आज दीपस्तंभची सभा. जाऊ की नको यात दुपार गेली. शेवटी गेलो, त्याच गंजक्या चिलखतात.

मी आत शिरताच बर्नाडेट खुर्चीतून उठली. "ये आर्वो. एक बटण दाबते, मुकुट परत तुझ्याकडे. टोळी तुझी आणि मार्गरीटची आहे, ते कुणी विसरलेलं नाही."

मी येताना दोन पानी भाषण लिहून आणलं होतं. ते बाजूला ठेवलं.

"तुला आवडतं का गं हे काम?"

"खरं सांगू? खूप आवडतं. पण—"

"मग धर तूच."

"नक्की ना? नंतर बोलशील."

"बोलेन तर. बोलायला काय जातंय? पण धर."

बर्नाडेट पुन्हा खुर्चीत बसली. मग मला प्रश्न पडला की आता मी कुठे बसू? शेकोटीभोवती चार बाक आहेत आणि प्रत्येकाची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. उंच खुर्चीतून बघताना मला कधी जाणवलं नव्हतं की बाक खच्चून भरलेले असतात. एकही जागा नव्हती. मी मध्ये उभा. त्यात गडबडीत चुकीचं बटण दाबलं गेलं आणि जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरायला लागलो.

"बरं मग," मी म्हटलं, "चालू द्या तुमचं. मी निघतो."

आणि सगळेच्या सगळे उभे राहिले. वाटलं, संपलं, माझ्यामुळे सभाच उठली.

तेवढ्यात पेगचा आवाज. "वेंडेल, तू डावीकडे. अरे डावीकडे! टोपावरची शिंगं सांभाळ."

या खेळात बसल्या बसल्या सरकता येत नाही. एकाला जागा करून द्यायची तर अख्ख्या बाकाला उठून पुन्हा बसावं लागतं. आणि एक बाक हलला की शेजारच्याची गैरसोय होते, मग त्यालाही उठावं लागतं. असा गोंधळ उडाला की विचारू नका. कुणी टेबलावर चढलं, कुणी एकमेकांच्या मांडीवर बसलं. वेंडेल शेकोटीत शिरला आणि "पेटलो, पेटलो!" म्हणून ओरडत सुटला. बर्नाडेट वरून सूचना देत होती आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं. शेवटी सगळे बसले. पेग आणि वेंडेलच्या मध्ये एका माणसापुरती जागा उरली.

"बस ना," पेग म्हणाली. "पाहुण्यासारखा उभा काय राहिलास?"

बसलो. पहिल्याच फटक्यात बसता आलं. डोळे पुसायला हेडफोन काढावे लागले, त्यामुळे बर्नाडेटने काय काय सांगितलं ते चुकलं. मी वेंडेलला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं, तो अजून धुमसत होता. त्यावर पेग काहीतरी बोलली, त्यावर मी बोललो, आणि आमचं तिघांचं जे सुरू झालं ते थांबेचना.

"आर्वो!" वरून आवाज आला. "मागे गप्पा चालल्यात त्या बंद करा. सभा चालू आहे."

तीस वर्षं शाळेत हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणत आलो. ऐकायला इतकं गोड लागतं हे माहीत नव्हतं. गप्प बसायला हवं होतं, पण वेंडेलला एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगून टाकलं.